तिसरी खाच मुद्दाम मारलेली आहे

मी, सुन्ना, कै. माहत्तेची बायको, वय वर्षे शहात्तर, धंदा रेनडिअर पाळणे, राहणार लुओब्बाल, तळ्याच्या वरचे शेवटचे घर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, माझ्याच टेबलाशी बसून, दिवसाउजेडी लिहिते. मला कोणी धमकावलेले नाही की फूस लावलेली नाही. यापूर्वी मी असा कागद कधी केलेला नाही, म्हणून रद्द करण्यासारखे काही नाही. माझे डोके ठिकाणावर आहे.

हे शेवटचे वाक्य बाकीचे लोक रिवाज म्हणून लिहितात. मला ते भांडून लिहावे लागते आहे. गेल्या ऑक्टोबरात माझ्या पोटच्या पोराने, वुल्लेने, आमच्या कळपसमितीकडे अर्ज दिला. त्यात लिहिले आहे की आई भ्रमिष्ट झाली आहे, तिचा हात थरथरतो, स्वतःची मालकीची खूण विसरून तिने पाडसांच्या कानांवर सुरीने भलतीच खूण मारली आहे. सबब ती जनावरे चुकीने खूण मारलेली समजून त्याच्या कळपात धरावीत, आणि त्याची बहीण, म्हणजे माझी मुलगी रिस्तेन, हिची खूण कोणी वापरत नसल्याने खुणांच्या वहीतून खोडून टाकावी. या अर्जावर समिती मार्चच्या पहिल्या आठवड्यात बसणार आहे. अर्ज मंजूर झाला तर माझ्या मुलीच्या नावावर खूण राहणार नाही, आणि ज्याला खूण नाही त्याचा आमच्यात एक खूरसुद्धा नसतो. तेव्हा हा कागद मी मरणासाठी कमी आणि मार्चसाठी जास्त लिहिते आहे.

डोक्याचा दाखला सोबत जोडला आहे. जानेवारीत दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांनी मला तपासले. घड्याळाचे चित्र काढायला लावले, शंभरातून सात सात वजा करायला लावले, आज वार कोणता ते विचारले. मी सगळे केले. मग मी त्यांना विचारले, "डॉक्टर, आत येताना पायाखाली बर्फ कसा वाजला?"

"कसा म्हणजे? बर्फासारखा."

"करकरला की दबला?"

"लक्ष नव्हतं हो, आजी."

"मग रविवारी मासे धरायला तळ्यावर गाडी नेऊ नका. वर थंडी धरलीय, पण खाली परवाचं पाणी तसंच आहे. गाडीच्या पट्ट्यापर्यंत रुताल."

ते हसले आणि रविवारी गेले. सोमवारी सकाळी शेजारच्या दुओम्माने त्यांची बर्फगाडी दोर लावून ओढून काढली. माझ्या डोक्याचा दाखला त्यांनी दिला. त्यांच्या डोक्याचा दाखला अजून कोणी मागितलेला नाही.

कलम १. घर, लाकडाची खोली, मांस टांगायची खोपी आणि कपाटातला चांदीचा पट्टा हे सर्व माझी मुलगी रिस्तेन हिला. ती एकोणीस वर्षे किनाऱ्यावरच्या बंदरात बोटींची इंजिने दुरुस्त करते. उघडलेले इंजिन पुन्हा जोडल्यावर तिच्या हातात एकही स्क्रू उरत नाही. वुल्लेच्या हातात उरतात, आणि तो ते खिडकीत बरणीत जमवून ठेवतो.

कलम २. माद्या विण्याच्या माळावरची झोपडी आणि तिच्या भोवतालची, माझ्या आईकडून आलेली जागा, हीसुद्धा रिस्तेनला. अट अशी की एप्रिल आणि मे महिन्यांत तिथे एकही सहलीची बर्फगाडी थांबता कामा नये, फोटोसाठीही नाही. बर्फगाडीशी माझे भांडण नाही. मी स्वतः अठ्ठावन्न वर्षांची होईपर्यंत कळपामागे चालवली, अजूनही सरपणाला चालवते. पण वुल्ले परदेशी पाहुण्यांना दहा दहा गाड्यांच्या रांगेने माळावर नेतो. एप्रिलात सकाळी बर्फाची वरची पापडी घट्ट असते, गाड्या भन्नाट पळतात, आणि गाभण मादी त्या पापडीवर पळताना पाय कापून घेते. मी त्याला सांगितले.

तो म्हणाला, "अगं आई, आम्ही लांबूनच जातो. पाहुण्यांना रेनडिअर बघायचे असतात."

"मग त्यांना उभं राहायला सांग. रेनडिअर स्वतःहून बघायला येतात."

"एवढा वेळ नसतो गं त्यांच्याकडे."

गेल्या वसंतात एका आठवड्यात मी त्या माळावरून चार मेलेली पाडसे उचलली. एकाची नाळसुद्धा ओली होती. ती चारही मी वुल्लेच्या दारात नेऊन ठेवली, आणि त्याने अर्जात लिहिले की आई मेलेली जनावरे घरी आणते. ही त्याची हिंमत!

कलम ३. माझी जुनी पिवळी बर्फगाडी दुओम्माला. तो गेली अकरा वर्षे माझ्याकडून प्लग नेतो आणि म्हणतो, "वहिनी, उद्या आणून देतो." आता प्लग गाडीतच असतील, त्याला यायचे कारण उरणार नाही. वुल्लेचा अर्ज आला त्या बैठकीत माझ्याबद्दल विचारले तेव्हा हा माणूस छताकडे बघत बसला. तरी गाडी त्यालाच, कारण उणे चाळीसला ती कशी चालू करायची ते दुसऱ्या कोणाला जमत नाही.

कलम ४. कुत्रा, चाप्पे. कुत्रा कोणाला देता येत नाही. तो ज्याच्या मागे जाईल त्याने त्याला आतड्यासकट खायला घालावे आणि पाहुण्यांबरोबर फोटोला बसवू नये.

कलम ५. वुल्ले. बापाची खूण, बापाचा कळप आणि बापाची कुरणे त्याला बाप गेला त्याच वर्षी मिळाली, तेव्हा त्याची वाटणी झालेली आहे. माझ्याकडून त्याला बापाचा चष्मा, म्हणजे कान नीट वाचता येतील. त्याच्या लग्नात मी शिवलेला अंगरखा त्याच्याकडे आहेच. तो माझा मुलगा आहे, लहानपणी तापात तीन दिवस माझ्या मांडीवर होता, त्याच्यावर माझा जीव आहे. म्हणूनच संताप इतका आहे. परक्याने हा अर्ज दिला असता तर मी दार लावून झोपले असते.

कलम ६. कळप. हे मुख्य कलम आहे, समितीने दोनदा वाचावे.

कचेरीतल्या पोरीने मला विचारले, "आजी, मालमत्तेत जनावरांचा आकडा लिहावा लागतो. किती आहेत?"

मी म्हटले, "तुझ्या बँकेत किती आहेत गं?"

"ते कसं सांगणार?"

"मग झालं तर."

आमच्यात कोणाला कळप केवढा असे विचारत नाहीत, आणि विचारले तर सांगत नाहीत. आकडा मी लिहिणार नाही. लिहिते ते एवढेच: ज्या ज्या जिवंत कानावर रिस्तेनची खूण आहे तो कान, आणि त्याच्यामागे जे काही चालते ते सर्व, रिस्तेनचे आहे. ते माझ्या मरणानंतर तिचे होणार नसून, सुरी लागली त्या दिवसापासून तिचेच आहे. माझ्या स्वतःच्या खुणेचे जे उरेल तेही तिला.

माझी खूण: उजवा कान टोकाशी तिरपा कापलेला, खालच्या कडेला दोन खाचा, डावा कान मधोमध फाडलेला. मुलीची खूण आईच्या खुणेवरूनच पाडतात, तशी रिस्तेनची बाप्तिस्म्याच्या दिवशी पाडली: सगळे तेच, फक्त खालच्या कडेला तीन खाचा. वुल्लेचे म्हणणे असे की माझा हात घसरतो आणि एक खाच जास्त पडते. समितीचे अध्यक्ष इस्सात यांनीही मान डोलावली. म्हाताऱ्या बाईचा हात, घसरणारच.

मला सांगा, हात घसरतो तो सहा वर्षे, दर उन्हाळ्यात, बरोबर त्याच जागी, बोटभर अंतर सोडून घसरतो? आणि फक्त माद्यांच्याच कानावर घसरतो? एका तरी नराच्या कानावर तिसरी खाच दाखवा, मी आजच्या आज भ्रमिष्ट म्हणून सही करते. माद्या वितात, नर कापले जातात. ज्याला कळप उभा करायचा असतो त्याचा हात माद्यांवरच घसरतो. एवढे ज्यांना कळत नाही ते माझ्या डोक्याची तपासणी करणार!

का मारली, तेही लिहिते. सहा वर्षांपूर्वी जानेवारीत पाऊस पडला. दोन दिवस पडला, मग थंडी आली आणि सगळा डोंगर काचेने मढवल्यासारखा झाला. खालचे दगडफूल खणायला जनावरे खूर मारत होती आणि खुरांतून रक्त येत होते. वुल्लेचे पाहुणे ठरलेले होते, तो रविवारी येऊन बघून जायचा. गुरुवारी रिस्तेनचा फोन आला.

"आई, रेडिओवर ऐकलं. बर्फ किती जाड आहे?"

"चार बोटं."

"खूर जातो का?"

"नाही गं."

"येते."

वर्षाची सगळी रजा घेऊन ती आली. वुल्लेची बंद पडलेली दुसरी बर्फगाडी तिने शेडमध्ये रात्रीत उघडून जोडली. पहाटे घंटा बांधलेला म्हातारा नर तिने गाडीमागे दोराने धरला आणि कळपाला डोंगरावरून जुन्या जंगलात नेले, जिथे झाडांवरून दगडफूल लोंबते. पाच दिवस गाडी माणसाच्या चालीने चालवली. दर तासाला इंजिन बंद करायची, जनावरांना शांततेत उभे राहू द्यायची, मग पुन्हा चालू. उणे छत्तीस होते. मागून मी आणि चाप्पे. जंगलात पोचल्यावर तीन आठवडे आम्ही फांद्या तोडल्या. कळप जगला. रजा संपली आणि ती गेली.

मे महिन्यात समितीची बैठक झाली. इस्सात उभे राहिले, वुल्लेचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "या हिवाळ्यात वुल्लेने कळप वाचवला, नोंद घ्या." वुल्ले खाली बघत राहिला. नाही म्हणाला नाही.

मी उठले. "इस्सात, कळप रिस्तेनने वाचवला."

"सुन्नाकाकू, बसा. दमला असाल. तिनं मदत केली असेल, पण ती इथली राहिली नाही आता."

"खुणेच्या वहीत आहे ना?"

"वहीत आहे, पण कानावर कुठंय?"

सगळे हसले. हे वाक्य बैठकीच्या नोंदीत नाही, पण त्यांनी ते म्हटले आणि वीस माणसांनी ऐकले. मग मी बोलणे सोडले आणि सुरी काढली. कानावर कुठे आहे म्हणालात ना? त्या उन्हाळ्यापासून आहे. लोक म्हणाले, सुन्ना विसरायला लागली. मी त्यांना म्हणू दिले, कारण वेडी समजले की खुणा मारायच्या कुंपणात कोणी आडवे येत नाही. आता त्याच माद्यांना पाडसे झाली, त्या पाडसांना पाडसे झाली, कळप डोळ्यांत भरायला लागला, आणि तेव्हा वुल्लेला आईच्या डोक्याची काळजी वाटायला लागली.

कलम ७. बँकेतल्या शिल्लकीतून माझे दफन करावे आणि आलेल्यांना मटणाचा रस्सा पोटभर घालावा. इस्सात यांनाही वाढावे, पण भाषण करू देऊ नये.

कलम ८. हे कलम रिस्तेनसाठी आहे. साक्षीदारांसमोर लिहिते, म्हणजे मला मागाहून फिरवता येणार नाही.

रिस्तेन, मी वरती सगळ्यांवर आग पाखडली. एक नाव राहिले. एकोणीस वर्षांपूर्वी याच टेबलाशी तू बापाला म्हणालीस, "कळप मी सांभाळते. वुल्लेला मन नाही, मला आहे." माहत्ते म्हणाला, "गाडी आणि कळप मुलीच्या हातात देत नसतात." तू त्याच्याशी भांडली नाहीस. तू माझ्याकडे वळलीस आणि म्हणालीस, "आई, तू सांग ना."

मला ठाऊक होते. तुला कळप वाचता येतो आणि वुल्लेला येत नाही, हे तू सात वर्षांची असल्यापासून मला ठाऊक होते. मी म्हटले, "कॉफी घे, गार होतेय." तू दुपारच्या बसने गेलीस. बापाने दार बंद केले असे तू समजत असशील. ते मी बंद केले.

तू विचारलेल्याचे उत्तर आज देते, पूर्ण शुद्धीत, दोन साक्षीदारांसमक्ष: कळप रिस्तेनच सांभाळेल. हे मी तेव्हाच सांगायला हवे होते.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. हे तसे ठेवू नये. एक प्रत समितीला, आणि एक प्रत आजच्या आज रिस्तेनला टपालाने पाठवावी. माद्या मेमध्ये वितील, खुणा जूनच्या शेवटी मारायच्या. माझा हात खरेच थरथरतो, एवढे मात्र वुल्लेने खरे लिहिले आहे. या वर्षी मला जमणार नाही. ये. मी गेल्यावर आलीस तरी कायद्याला चालेल, मला चालणार नाही.

ठिकाण: लुओब्बाल. दिनांक: १९ फेब्रुवारी २०१८.

सही: सुन्ना

साक्षीदार. आम्हां दोघांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. सुन्नाबाईंनी आमच्यासमोर सही केली, त्या पूर्ण भानावर होत्या आणि रागावलेल्या होत्या.

१. डॉ. ऐविन स्काउगे, दवाखाना
२. गुन्वोर मोएन, दुकान व टपाल. (रिस्तेनच्या नावाची प्रत दुपारच्या बसने रवाना केली. बस सुटेपर्यंत सुन्नाबाई थांब्यावर उभ्या होत्या.)