वाटीत उरलेलं पीठ

आई, काल मी तुझी गोष्ट एका अनोळखी बाईच्या हवाली केली. तुला विचारता आलं नाही, आणि विचारलं असतं तर तू नकोच म्हणाली असतीस. घरातलं बाहेर बोलायचं नाही, हे तू मला मुळाक्षरांच्याही आधी शिकवलंस. मुळाक्षरं मग ओट्याशी उभं राहून शिकवलीस, कारण इथे आखातातल्या शाळेत मराठी नव्हतं. वेलांटी चुकली की लाटणं ओट्यावर आपटायचीस. आता तपासायला तू नाहीस, म्हणून मी प्रत्येक ओळ दोनदा वाचतोय.

अल मजाजच्या आपल्या जुन्या इमारतीत सातव्या मजल्यावरच्या काकू अजून राहतात. त्या आणि त्यांची मुलगी महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, निरनिराळ्या देशांच्या माणसांना घरी बोलावतात. रंगावरून, देशावरून ज्याला जे ऐकून घ्यावं लागलं, किंवा ज्याच्या घरात जे बोललं गेलं, ते एकमेकांना सांगायचं. मी बरेच महिने टाळलं. नववीनंतर शाळा सुटलेला माणूस मी, हमरियाच्या कारखान्यात खोक्यांवरची लेबलं तपासतो; चारचौघांत बोलायचं म्हटलं की मागच्या रांगेत सरकतो. शेवटी काकू फोनवर म्हणाल्या, "अरे, भाषण नाहीये. साबुदाण्याची खिचडी आहे. ये." गेलो. त्यांच्या मुलीने सगळ्यांना नियम सांगितला. "नो सॉरी, नो अ‍ॅडव्हाइस. जोड्या करायच्या, एकमेकांना स्टोरी द्यायची. मग सगळ्यांसमोर पार्टनरची स्टोरी तुम्ही सांगायची, 'मी' म्हणून, स्वतःचीच असल्यासारखी. ओके? यल्ला, चला." काकू म्हणाल्या, "अगं, मराठीत सांग की." ती म्हणाली, "ममा, हाफ द रूम इज नॉट मराठी."

माझ्या वाट्याला आली केनियाची एक नर्स. इथल्याच एका दवाखान्यात काम करते, मोठ्याने हसते, मला "ब्रदर" म्हणते. बाहेर गलका होता म्हणून आम्ही स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिलो. तिथेच माझी पंचाईत झाली. त्या इमारतीतली सगळी स्वयंपाकघरं एकसारखी. तोच अरुंद ओटा, तीच खिडकी, आणि खिडकीजवळची ती जागा, जिथे तू दर शुक्रवारी सकाळी मला स्टुलावर बसवायचीस. मी दुसरी एखादी गोष्ट ठरवून आलो होतो. तिथे उभा राहिल्यावर ती आठवेना; तुझीच सांगितली.

तू डाळीच्या पिठात दही आणि हळद कालवतेस. माझ्या तोंडाला, मानेला लावतेस. सुकताना कातडी ओढली जाते, मी चुळबुळतो, तू म्हणतेस, "हलू नकोस, थोडा तरी उजळशील." आणि मग उम्म अल कुवैनच्या समुद्रावर गेलेली मराठी मंडळाची सहल. मी ओल्या वाळूत एका मुलाबरोबर पाट खणतोय. तो आफ्रिकेतला आहे, त्याच्याकडे कड तुटलेली बादली आहे. तू छत्री घेऊन येतेस, माझा दंड धरून मला ओढतेस. "सावलीत चल. त्याच्यासारखा होशील." मराठी त्या मुलाला कळत नव्हतं, पण तुझं बोट त्या मुलाच्या तोंडाकडे होतं. त्याची आई जवळच बसली होती. तिने त्याला हाक मारली, बादली उचलली आणि ती दोघं दूर जाऊन बसली.

मी सगळं क्रमाने सांगितलं, छत्रीचा रंगसुद्धा. मग एकदम घाबरलो. ही बाई आता भरल्या खोलीत तुला उभी करणार, आणि ती तुझं काहीही करू शकत होती. मी घाईघाईने म्हणू लागलो, की माझी आई वाईट नव्हती, शेजारणीच्या आजारपणात डबे पोचवायची. तिने हात वर केला. "ब्रदर, रूल. नो सॉरी."

आधी माझी पाळी. मी उठून हिंदीत म्हणालो, "मी नर्स आहे. मला दोन मुली आहेत." सगळे हसले. काकू म्हणाल्या, "मग स्थळं बघायला लागू का?" त्या हसण्याने माझा आवाज मोकळा झाला. मी सांगितलं, की आपल्याकडची एक आजी तपासणीसाठी रक्त द्यायला आली, माझा हात पाहून म्हणाली, "दुसरी सिस्टर नाही का?" सून शरमली. शेवटी आजीने हात पुढे केला, पण डोळे घट्ट मिटून घेतले. मला राग आला नाही, कारण बाहेर रांग होती. मी सुई इतकी हलकी टोचली, की आजीने विचारलं, "कधी टोचणार?" राग घरी गेल्यावर आला, भांडी घासताना. "मला राग आला" हे शब्द मी माझ्या तोंडाने म्हणालो, आणि आई, खरंच आला.

मग ती उठली. मला वाटलं, समुद्रापासून सुरुवात करील. ती म्हणाली, "माझी आई वाटीत उरलेलं पीठ कधी टाकून देत नाही. माझ्या तोंडाला लावून जे उरतं, ते ती स्वतःच्या कोपरांना चोळते." हे मी तिला जाता जाता सांगितलं होतं, एका वाक्यात. तिने तिथूनच धरलं. तुला बघायला आलेल्यांनी तुझ्या रंगावरून काय काय म्हटलं, ते तू मावशीला फोनवर हसत सांगायचीस, हे मी ओघात बोलून गेलो होतो, तेही तिने सांगितलं. मग समुद्र, दंड, बोट, बादली. काही गाळलं नाही, काही सौम्य केलं नाही. 'आई' हा शब्द ती जरा लांबवून म्हणत होती. मी इतकी वर्षं त्या दिवसाकडे स्वतःच्या दुखऱ्या दंडापासून पाहत आलो. तुझ्या कोपरांकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

निघताना दारात ती चपला घालत म्हणाली, "ब्रदर, तुझ्या आईला माझा हॅलो सांग. आणि सांग, तिच्या मुलाचा रंग छान आहे." तू जाऊन किती काळ लोटला, हे तिला सांगायला हवं होतं. पण दुपारभर तू त्या खोलीत होतीस. आई गेली, खलास, असं माझ्याच्याने म्हणवलं नाही. मी म्हणालो, "इन्शाल्ला, सांगतो."

म्हणून लिहितोय. हे कुठे पाठवायचं, मला माहीत नाही. आणि पुढच्या महिन्यातल्या शनिवारी तिने विचारलं, आई काय म्हणाली, तर काय सांगायचं, तेही अजून ठरलेलं नाही.