आंटीच्या गुहेची नक्कल

प्रिय धाकट्या,

काल तिरुवैयारुला कावेरीच्या काठी तुझे वर्षश्राद्ध झाले. श्राद्ध सांगणाऱ्या वाध्यारांनी तुझे नाव तीनदा उच्चारावयास लावले. इथे मात्र ते मी मुद्दाम लिहीत नाही. ऑस्ट्रेलियातल्या तुझ्या त्या घळीकडचे मूळ रहिवासी गेलेल्या माणसाचे नाव काही काळ घेत नाहीत, असे तूच सांगितले होतेस. काल आपला आचार पाळला. आज ऑस्ट्रेलियाचे तिकीट हाती आले आहे, म्हणून त्यांचा पाळतो.

होय, तिकीट! एकोणऐंशीव्या वर्षी! तुझा पुतण्या सकाळपासून माझ्यामागे लागला आहे. "अप्पा, वेंडाम, नको! गुडघे बघा अगोदर. इथल्या इथे पापनाशमला बसने गेलात तरी दोन दिवस कण्हता." मी म्हटले, "कण्हणे माझे आहे. तू पेटी भर."

तिकडून येणाऱ्या तुझ्या पत्रांतले ऱ्हस्वदीर्घ मी तांबड्या शाईने सुधारून परत पाठवीत असे. "अण्णा, उत्तर पाठवा, मार्क नकोत!" असे अखेर तू वैतागून लिहिलेस. पण त्याच पत्रांतून मी तो मुलूख प्रथम पाहिला: तांबडा खडक, दिवसभर गाडी हाकली तरी न लागणारे गाव, आणि तू सुट्ट्यांत पालथ्या घातलेल्या घळी.

मग एकदा तू मला तिथे नेलेस. घळीच्या तोंडाशी आंटी उभी होती. वडीलधाऱ्या बाईला आंटी म्हणण्याची रीत तिथेही आहे, याचे मला केवढे नवल! ती गुहा तिच्या पूर्वजांची. तिने आधी खडकांतल्या त्या पूर्वजांना मोठ्याने हाक मारली, मग आपल्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही कोण, कुठले, ते त्यांना सांगा." तू बेधडक ओरडलास, "मी तंजावूरचा! हे माझे अण्णा!" मी तुझ्या मागून आत शिरलो.

आत भिंतभर हातांचे ठसे. लेकराचा तळवा म्हाताऱ्याच्या पंजाशेजारी. आंटी म्हणाली, "पाहा. पण उतरवून न्यायचे नाही." तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणालास, "यांच्या वतीने माझा शब्द."

आणि मी काय केले? तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत बसून जन्मभर मी जीर्ण पोथ्यांच्या नकला केलेल्या. वाळवी लागण्यापूर्वी उतरवून ठेवावे, एवढेच शास्त्र मला ठाऊक! मुक्कामावर तू स्नानाला गेलास, तेवढ्यात मी आठवून आठवून ती भिंत वहीत उतरवली. बोटन् बोट!

"अण्णा, हे काय केलंत?"

"नष्ट झाले असते."

"अय्यो! हजारो वर्षं सांभाळताहेत ती माणसं. तुमच्या वहीवाचून त्यांचं काय अडलं होतं?"

"रेषा किती शुद्ध आली आहे, ती बघ," मी म्हणालो. काय हे उत्तर!

त्यानंतर तू त्या घळीत पाऊल टाकले नाहीस. हे मला तुझ्या पत्नीने परवा फोनवर सांगितले. "आंटीचा दोनदा निरोप आला. तोंड कसं दाखवू, म्हणायचे." धाकट्या, एवढे मनात ठेवलेस? एका ओळीने कळवायचे होतेस! की तीही ओळ मी तपासून परत पाठवीन, असे वाटले तुला?

घरची मंडळी तुझ्या आठवणींची पुस्तिका काढणार आहेत. मुखपृष्ठावर माझ्या वहीतली ती चित्रे हवीत, असा सर्वांचा आग्रह. मी वही कुलपात ठेवली. फाडून कावेरीत सोडावी, असेही मनात आले; पण चोरून काढलेले चोरूनच बुडवणे ही दुसरी चोरी. ती माझ्या हातून होणार नाही.

म्हणून तुला वचन देतो. वही आंटीच्या हातात देईन. तिने जाळावी, पुरावी, काय वाटेल ते करावे. तिने मला गुहेत येऊ दिले नाही, तर ते योग्यच होईल. पण तू तिला विसरलास, असे इतकी वर्षे ती समजत असेल, तर ते मी तसे राहू देणार नाही. शब्द तू मोडला नाहीस, मी मोडला, हे तिच्यासमोर उभा राहून सांगेन. ते तिला पुरते कळल्याशिवाय मी तंजावूरला परतणार नाही.

तुझा अपराधी, पण निघालेला,
अण्णा