सुक्या बांगड्यांची टोपली

मिठबाव, २ जुलै १९५७

ती. नर्मदाआत्यास,
लवूचा कृ. शि. सा. न. वि. वि.

पंधरा ऑगस्टला देवळाच्या सभामंडपात बेचाळीसच्या लढ्यावरचे माझे नाटक करतो आहोत. भाईंची, म्हणजे आमच्या बाबांची, भूमिका मीच करणार. भर वादळात होडी वल्हवत ते सरकारविरोधी पत्रके विजयदुर्गाला नेतात, तिथे पडदा. वही सोबत आहे. तांबडी शाई जपून वापरावी, शाळा सुटून मला बरीच वर्षे झाली.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारा,
लवू

सावंतवाडी, ९ जुलै

चि. लवूस अ. आ.

वही वाचली. समुद्राकाठी जन्मलास ना रे? ती पत्रके ऑगस्टच्या मध्यात निघाली. नारळी पौर्णिमा महिनाअखेर होती. समुद्राला नारळ देण्याआधी भाईला होडी कोणी दिली? मासेमाऱ्यांची सारी गाबीतवाडी हसून लोळेल.

भाईने दिलेली पत्रके पायी आली. नांदगावला माझ्या शाळेत, यशोदा कुबल हिच्या डोक्यावरून, सुक्या बांगड्यांच्या टोपलीत तळाशी. वासाने शिपाई तोंड फिरवत. चौथ्या खेपेला एका फौजदाराने टोपली उलटी केली. मारून तिचा डावा हात मोडला, तरी तिने भाईचे नाव सांगितले नाही. तुझ्या वीस पात्रांत ती नाही. एक बाई नाही, एक गाबीत नाही. तिच्या कामाचा हार माझ्या भावाच्या गळ्यात घालणार असशील तर मी येणार नाही.

तब्येत सांभाळ. माया आहे म्हणून रागावते.
नर्मदाआत्या

मिठबाव, ४ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न. वि. वि.

होडी काढली, यशोदाकाकीला नाटकात घातले. शेवटी नाटकातली नर्मदा टोपली उतरवून घेते आणि तिला मिठी मारते. काकीच्या कामासाठी आमच्यातल्या परशुरामाला लुगडे नेसवणार होतो. सांगायला गेलो तर काकीने विचारले, माजा सोंग कित्याक रे, मी जिती आसंय मां? आता तीच उभी राहते. पण समितीचे दाजी म्हणतात, देवळात मासळी नको, टोपलीत नारळ ठेवा. काय करू?

लवू

सावंतवाडी, ७ ऑगस्ट

चि. लवूस अ. आ.

नारळ असते तर पहिल्याच खेपेला टोपली उचकटली असती. शाळेच्या पडवीत करा, पण बांगडे हवेत. मी येते.

नर्मदाआत्या

सावंतवाडी, १८ ऑगस्ट

चि. लवूस अ. आ.

न सांगता निघाले, म्हणून रुसला असशील. यशोदा टोपली घेऊन पुढून गेली, तेव्हा दाजींनी उपरणे नाकाला लावले. सारी गाबीतवाडी हसली, तूही हसलास. दाजींनी उपरणे खाली घेतले.

मला हसू आले नाही. नांदगावला टोपली घेताना मीही पदर नाकाला लावत असे. बारा कोस चालून आलेल्या बाईला मी पायरीवर बसवले, पाणी वरून ओंजळीत ओतले. मिठी कधीच मारली नाही. ती मिठी रंगली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि यशोदेने मंचावरून खाली माझ्याकडे एकदाच पाहिले.

पुढच्या प्रयोगाआधी ते पान बदल. वही पाठव, तांबडी शाई मीच लावीन. आधी मिठबावला येऊन तिच्या पायरीवर बसेन.

हे वाचूनही लोभ उरला तर ठेव.
नर्मदाआत्या