अर्धं मत

१२ सप्टेंबर १९५१
आज वाचनालयाच्या सभेत सेक्रेटरींनी यादवरावांची ओळख करून दिली : विचारांनी नवे, आचारांनी जुने, असा समतोल माणूस. मी जागच्या जागी जळलो. समतोल मी आहे. बारा वर्षं आहे. संस्थानं विलीन झाली याचा मला आनंद आहे, राजांचे हत्ती गेले याचं दुःखही आहे. मी कुणाच्याही हातचं पाणी पितो, फक्त आमच्या गल्लीत पीत नाही. यादवरावांकडे काय आहे? सुताचं दुकान आणि शेंडी.
संकल्प : स्त्रियांच्या मताधिकारावर असं भाषण ठोकायचं की यादवरावांनी घरी बसावं.

१३ सप्टेंबर
मतदार यादीचा कारकून शाळेत आला होता. मागे नावं लिहायला आला तेव्हा मी कमलचं नाव सांगितलं नव्हतं. यादीत नुसतं 'नंदकुमार मास्तरांची बायको'. अशा बिननावाच्या बायका आता यादीतून काढणार म्हणे. पंधरा दिवसांत कचेरीत येऊन नाव द्या म्हणाला.
घरच्या बाईचं नाव परक्याला सांगणं मला बरं वाटत नाही. तत्त्वतः मात्र पूर्ण पाठिंबा. उद्या जाईन.

१७ सप्टेंबर
भाषणाची चार पानं झाली. कमलनं कचेरीची आठवण करून दिली. म्हणालो, तुझ्याच हक्काचं लिहितोय, मध्ये बोलू नकोस.

२१ सप्टेंबर, रात्रीचं जेवण झाल्यावर
यादवरावांनी बायकोला, धुरपदाबाईंना, टांग्यात बसवून कचेरीत नेलं. भर चौकातून! बाईंनी स्वतःच्या तोंडानं नाव सांगितलं. कमलनं हे जेवताना दोनदा ऐकवलं. 'यादवभाऊजी' म्हणताना तिचा आवाज जरा गोड झाला. वरणात मीठ जास्त होतं.
उद्या जाणार होतो. पण गेलो तर लोक म्हणतील, मास्तरांनी यादवरावांची नक्कल केली. आठवडाभर थांबणं बरं.

२ ऑक्टोबर
भाषण झालं. टाळ्या भरपूर. अध्यक्ष यादवराव (!). मुदत परवाच्या शुक्रवारीच संपली, हे टाळ्या चालू असताना आठवलं. चूक कचेरीची. पंधरा दिवसांत कुठल्या विचारी माणसाचा निर्णय होतो?
कमलला इतक्यात सांगायला नको.

१० जानेवारी १९५२, सकाळ
मतदान. मी दाढी करत होतो तोवर कमल नवं लुगडं नेसून धुरपदाबाईंबरोबर निघूनही गेली. तासाभरात एकटी परत आली. चुलीपाशी बसली. मग म्हणाली, "सगळ्या बायायले मत द्या म्हने तुमी. मलेच राहू देलं."
मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हणालो, माझ्या मतात अर्धं तुझं, बोल कुणाला देऊ? तिला देवराम वकील हवे होते, कारण ते बायकांचा दवाखाना काढणार आहेत. त्यांची खूण झाड. मी मोतीलालशेठच्या बाजूचा, म्हणजे घोडा. दवाखाना मलाही हवा आहे, पण शेठजींना देवधर्माची चाड आहे.

त्याच दिवशी, दुपार
पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी. चिठ्ठी हवी त्या पेटीत टाकायची, बस. मी चिठ्ठीची नीट घडी घातली, घडीवर नख फिरवलं आणि दोन तुकडे केले. एक घोड्याला, एक झाडाला. नवं आणि जुनं, नवरा आणि बायको, सगळ्यांना सारखा न्याय. यादवरावांना हे जन्मात सुचलं नसतं.
घरी सांगितलं. कमल चक्क हसली, मला चहा करून दिला, आलं घालून.

११ जानेवारी
वाचनालयात मुद्दाम यादवरावांसमोर हकीकत सांगितली. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले की मास्तर, फाटकी चिठ्ठी धरत नाहीत, दोन्ही तुकडे बाद. हसलेसुद्धा नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.
म्हणजे त्यांच्या घरात दोन मतं. आमच्या घरात एकही नाही.
घरी आलो तर कमल ओट्यावर शेजारणीला सांगत होती की आपणही मत दिलं, अर्धं का होईना. मला पाहून तिनं विचारलं, "माह्या वाटचा तुकडा बरोबर अर्धा व्हता नं?"
मी म्हणालो, तुझाच जरा मोठा होता.