पौर्णिमेचा असोला नारळ

॥ श्री ॥

सेंदाई,
दि. २० ऑगस्ट १९९७

लिहिणार लक्ष्मीकांत बाबाजी मोंडकर, वय वर्षे त्र्याहत्तर, इयत्ता चौथी उत्तीर्ण, बंदर खात्यातील निवृत्त सुकाणी, हल्ली मुक्काम चिरंजीव रवींद्र याचे घरी, सेंदाई, जपान.

चि. सौ. अनुराधा हिस अ. उ. आ.

येथील सर्व क्षेम. नागोयाच्या कारखान्यातील तुझे नवे काम मार्गी लागले असेल. नात वेळेवर जेवते. जळणारा कचरा कोणत्या वारी आणि बाटल्या कोणत्या वारी, हे अनयेने माझ्याकडून पाठ करून घेतले आहे. चूक झाल्यास ती मला जपानीत रागावते. ते मला समजत नाही, त्यामुळे अपमानही होत नाही.

परवा नारळी पौर्णिमा झाली. एदोगावात राहणाऱ्या आपल्या ओळखीच्या शुभाने रोपांच्या दुकानातून मिळवून पाठवलेला असोला, न सोललेला नारळ कुंकू लावून मी एकट्याने समुद्रास अर्पण केला. मागणे एकच केले. दोन वर्षांपूर्वी दक्षिणेकडील बेटावरच्या शाळेत जाताना रवींद्राची होडी उलटली. सोबतचे दोघे सापडले, तो सापडला नाही. जो सापडला नाही तो गेला, असे मी मानीत नाही. त्याचे क्रियाकर्म करावे असे तू पुन्हा लिहिले आहेस. त्या बाबतीत माझा नकार कायम समजावा.

त्याने उभे केलेले काम मात्र थांबलेले नाही. जपान आणि दक्षिणेचे दोन बेटदेश, या तिन्हींच्या शाळांतील मुले महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आपापल्या किनाऱ्यावर वाहून आलेले जिन्नस वेचतात, ते कोठून आले हे ठरवतात आणि त्या देशाच्या शाळेस कळवतात. रवींद्र म्हणत असे की बेटावर राहणाऱ्याला कचरा बाहेर टाकता येत नाही; बाहेर म्हणजे शेजाऱ्याचे अंगण. या महिन्याच्या खेपेस मीही मुलांबरोबर जाणार आहे.

रागावलीस तरी लोभ उणा करू नये.

हजर साक्षीदार: कु. अनया रवींद्र मोंडकर, वय वर्षे दहा. पाकिटास तिकीट तिनेच लावले.


नागोया,
१२ सप्टेंबर १९९७

ती. मामंजी यांस अनुराधाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं वय प्रत्येक पत्रात कळत असल्यामुळे ते विसरण्याची मला सोयच राहिलेली नाही. या खेपेला मात्र पत्रच आलं नाही, तेव्हा वय पुढे सरकलं की काय, अशी काळजी वाटली. थट्टा एवढीच पुरे.

अनयाचा फोन आला होता. त्या शनिवारी किनाऱ्यावर म्हणे नारळ सापडला. होन्माबाईंच्या वर्गानं तो दक्षिणेच्या बेटावरून आल्याचं ठरवलं, भिंतीवरच्या नकाशात तिथपासून सेंदाईपर्यंत लाल दोरा लावला आणि तिथल्या शाळेला तसं कळवलंही. अनयाचं म्हणणं, तो बाबांनीच सोडला. शाळा सुटली की ती रोज किनाऱ्यावर जाऊन बसते. मी म्हटलं, आता नागोयाला माझ्याकडे राहायला ये. तर म्हणाली, बाबा आले आणि घर बंद असलं तर?

मामंजी, त्या शनिवारी तुम्ही तिथे होता. तुमचं ऑगस्टचं पत्र माझ्यासमोर आहे. मी काही विचारत नाही. दोन वर्षं तुम्ही मला सौ. लिहिता, त्यावरही मी बोलले नाही. तुमचा आधार काढून घेणारी मी कोण? माझं मी सोसते. पण आपल्या मुलीनं वाट बघत मोठं व्हावं, हे माझ्याच्यानं सोसवत नाही. तिला सांगायचं ते तुम्हीच सांगा. तुम्ही खोटं बोलत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

गुडघ्याला तेल लावत जा. माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची,
अनुराधा


सेंदाई,
दि. २ ऑक्टोबर १९९७

लिहिणार लक्ष्मीकांत बाबाजी मोंडकर. वय व हुद्दा पूर्ववत.

चि. अनुराधा हिस अ. उ. आ.

उत्तरास विलंब झाला. तू विचारले नाहीस, तरी सांगतो. नारळ माझाच. देठाच्या खाचेत कुंकू शिल्लक होते. मुले नाचत होती, अनयेने तो छातीशी धरला होता, आणि मी बोललो नाही. समुद्राने माझे मागणे परत केले, हे मला तेथेच कळले. तिला मात्र तो निरोप वाटला.

सोमवारी शाळेत गेलो. तेथे मराठी जाणणारे अनयेवाचून कोणी नाही, तेव्हा बाईंना सांगावयाचे ते तिच्याच तोंडून सांगावे लागणार, हे फाटकापाशी ध्यानात आले. मागे फिरावेसे वाटले. वर्गासमोर उभे राहून नाव, वय, हुद्दा सांगितला. तो तिने हसत हसत जपानीत सांगितला. मग मी म्हणालो की हा नारळ कोणत्याही बेटावरून आलेला नाही, तो मी याच किनाऱ्यावरून सोडला होता. तिने मराठीत विचारले की मग बाबांनी काहीच नाही का पाठवले. मी नाही म्हणालो. बाबा आता काही पाठवणार नाहीत, असेही म्हणालो.

होन्माबाई काय झाले म्हणून विचारीत होत्या. अनयेने सर्व सांगितले. तिने काही गाळले नाही, हे मुलांच्या चेहऱ्यांवरून मला दिसले. मग खुर्चीवर चढून नकाशावरचा लाल दोरा तिने स्वतः काढला. बेटावरच्या शाळेस खरे काय ते कळवण्याचे कामही तिनेच मागून घेतले.

काल सर्वपित्री अमावास्या होती. शास्त्रोक्त विधी पुढे गुरुजींकडून करवून घेऊ. काल मी किनाऱ्यावर तीळपाणी दिले आणि भाताचा पिंड सोडावयास वाकलो. पिंड चकचकीत कागदी ताटलीत ठेवलेला होता. अनयेने ती ताटली माझ्या हातून काढून घेतली. समुद्राला नुसता भात द्यायचा, नाहीतर बाबा रागावतील, असे ती म्हणाली. मग म्हणाली, रागावले असते.

तुझ्या नावामागे आज सौ. लिहिलेले नाही. त्याऐवजी जे लिहितात, ते लिहावयास हात धजत नाही. नुसत्या चि.वर समाधान मानावे. शनिवारी घर बंद करून तिला तुझ्याकडे घेऊन येतो.

लोभ होता तेवढाच आहे. करणारा एक कमी झाला, म्हणून तू तो वाढवावास.

हजर साक्षीदार:
होन्माबाई, वर्गशिक्षिका. काल किनाऱ्यावर आल्या होत्या.
कु. अनया कै. रवींद्र मोंडकर, वय वर्षे दहा.