विहिणीची फुगडी आणि माझा उजवा खांदा

१८ जानेवारी
एमआरआयचा रिपोर्ट आला. खांद्यातली दोरी तुटलीय. डॉ. तिला टेंडन म्हणतात. आणि आपण मुका मार समजून महिनाभर हळद-तेल चोळत बसलो.
मार्गशीर्षात लेकीचं, मायाचं लग्न. पंगती उठल्या तशा बायांनी आम्हा दोघी विहिणींना फुगडीला ओढलं. गंगापूरची विहीण, (पुढं नुसतं वि. लिहीन), अंगानं माझ्या दुप्पट. चौथ्या गिरकीला तिनं हात सोडला. मी फरशीवर, सगळा भार उजव्या हातावर. ही कमरेवर हात ठेवून हसली. म्हणाली, "विहीणबाई, शहरातलं पाणी पातळ दिसतंय." सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. मुलीची आई, जीभ दाताखाली.
पण लिहून ठेवते. हा हात बरा करीन आणि भर मांडवात तिला अशी गरगर फिरवीन, की...

२३ जानेवारी
डॉ. पोरगेलासा आहे, पण समजावतो नीट. दुर्बिणीतून दोरी हाडाला टाचायची. टाचली की तिथं माझ्याच रक्तातला अर्क सोडायचा. दंडातून रक्त काढतात, यंत्रात गरागरा फिरवतात, लाल खाली बसतं, वरचं पिवळसर घेतात. जखम भरून काढणारं जे काही असतं ते त्यात दाट असतं. पीआरपी म्हणतात.
मी म्हटलं, म्हणजे घुसळून लोणी काढायचं.
"तसंच समजा आजी. पण लोण्याची खात्री देत नाही. काहींना गुण येतो, काहींना फरक दिसत नाही. तुमच्या वयात टाके उसवायची भीती असते, ती कमी व्हावी म्हणून वापरतो."
खरं बोलला. आवडला.
"फुगडी कधी खेळता येईल?"
"आधी आपली वेणी आपल्याला घालता येऊ द्या. सहा महिने तरी फुगडीचं नाव नको."
वाटेत हे विचारत होते, या वयात फुगडी कुठं काढलीस? मी रिक्षाबाहेर बघत बसले.

३० जानेवारी
दुखण्याच्या गोळ्या बंद. त्यानं म्हणे रक्तातला तो माल मंदावतो. खांदा ठणकतोय. वि.नं जावयाच्या हाती तेलाची बाटली धाडली. दाराच्या बिजागरीला घातलं. दार करकरायचं थांबलं. गुण आहे तेलात.

९ फेब्रुवारी
उद्या ऑपरेशन. माया फोनवर म्हणाली, "आई, सासूबाई रोज विचारतात गं तुझं." विचारू दे. मांजरपण उंदराची ख्यालीखुशाली विचारतं.

१४ फेब्रुवारी
डाव्या हातानं. अक्षर कोंबडीचे पाय.
झालं. भूल द्यायच्या आधी नळी दाखवली. वर पिवळं, तुरीच्या वरणावरच्या पाण्यासारखं. एवढ्याशा पाण्यावर माझा सगळा सूड.

२ मार्च
हात झोळीत. केस हे विंचरतात. अंबाडा एका कुशीवर, शिंग फुटल्यागत. चाळीस वर्षांत कधी कंगवा हातात धरला नव्हता माणसानं.

११ मार्च
वि. आली. न कळवता. मुगाचे लाडू घेऊन. मला बघून म्हणाली, "व्याह्यांनी तर तुमचं बुजगावणं केलंय. बसा पुढ्यात." बसावं लागलं. मान तिच्या हातात, आणि मी दात आवळून.
विंचरत होती डाव्या हातानं. उजवा कानाच्या वर जाईना. विचारलं.
"वर जात नाय. दोन वर्सं झाली."
"मग फुगडी कशाला खेळलात?"
"वरमाय मी. समद्या बाया ओढत व्हत्या, नाय कसं म्हणू? कळ आली अन् सुटला."
"आणि हसलात कशाला?"
अंबाडा बांधला. नीट बांधला. चहा न घेताच गेली.

१२ मार्च
राग उतरायला हवा होता. नाही उतरला. हात सुटला, कबूल. पण हसायला काही खांदा लागत नाही.

५ एप्रिल
व्यायाम सुरू. फिजिओची मुलगी भिंतीवर बोटं चालवायला लावते. "नानी, जोर नक्को लगाव, धीरे धीरे." तिला काय सांगू मला कसली घाई आहे.
संध्याकाळी मायाचा फोन. दिवस गेलेत. भिंतीशीच उभी राहिले, बोटं तिथंच.

२२ एप्रिल
वि.चा फोन. "तुमच्या त्या डाक्तरचा नंबर द्या की. नातवंड घ्यायला हात पायजे."
म्हटलं, शोधते.
नंबर कॅलेंडरवर, डोळ्यासमोर. हे म्हणाले, "चष्मा तर डोळ्यावरच आहे तुझ्या."

१९ मे
पुन्हा फोन. पुन्हा "शोधते". बरणीतल्या लोणच्यासारखं आहे हे, जितकं मुरेल तितकं...

८ जून
माया सहज बोलून गेली. सासूबाईंच्या हातून तापल्या दुधाचं पातेलं सुटलं. माया बाजूलाच उभी होती. पायावर पडलं नाही, नशीब.
सूड माझा, आणि भाजली असती पोर. उद्या त्याच हातात बाळ देणार आहोत.
लगेच वि.ला फोन लावला. "नंबर सापडला. पण डोहाळजेवणाला सगळ्या बायांपुढं सांगायचं, त्या दिवशी का हसलात ते."
"बघते," म्हणाली.
नंबर दिला. काय करणार.

२६ जून
वि.ला घेऊन डॉ.कडे. तिचीही दोरी तुटलेली, जुनी. होईल म्हणाला, पण माझ्यापेक्षा अवघड. रक्त, यंत्र, पिवळं पाणी, तिला सगळं मीच समजावलं. लोण्याची खात्री नाही हेही सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. बाहेर आल्यावर म्हणाली, "आपरेशनच्या दिवशी तुमी येणार ना?"
येणार म्हटलं.
अटीचं अजून एक अक्षर बोललेली नाही.
ऑपरेशन बुधवारी. रक्त काढतील तेव्हा मी समोरच बसणार आहे. माया सांगते, सासूबाई सुईला लई घाबरतात, लहान पोरासारख्या ओरडतात. ओरडली तर हसायचं की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.