ह्यांचं चालणं

८ फेब्रु., रविवार
सकाळी लेकीच्या घरून, पोरिरुआहून निघालो. मेधाने रजा काढली आहे, म्हणून आम्ही दोघं आणि लेक. जावईबापू घरीच, त्यांचं ऑफिस. डोंगर उतरून पलीकडच्या वायरारापा भागात आलो. वळणावळणाला हे गाडीतला दांडा धरून बसलेले.

गाव म्हणजे एकच मोठा रस्ता. दोन्हीकडे लाकडी घरं, गुलाब, चर्च, जुन्यापान्या वस्तूंची दुकानं. मेधा म्हणते, जुन्या इंग्रजांनी आपलं खेडंच इथे आणून मांडलं. मांडणारच. आपण नाही का जातो तिथे कढीलिंब लावत.

आलोय ते ह्यांच्यासाठी. ऑगस्टात अटॅक आला, दोन स्टेंट घातले. डॉक्टर तेव्हापासून सांगतायत, चाला. हे आपले पत्रपेटीपर्यंत जातात नि "काही पत्र नाही" म्हणून खुर्चीत येऊन बसतात. इथे चारी बाजूंना पायवाटा आहेत. बघू.

९ फेब्रु., सोम.
गोळ्या झाल्या. बीपी ठीक.

गावचं म्युझियम पाहिलं. जुन्या शेतकऱ्यांचं सामान, लोणी काढायचं लाकडी पिंप, घोड्याचे नाल. पाट्या मी अक्षर अक्षर जुळवत वाचल्या, मेधाने घाई केली नाही. हे बाहेर बाकावर. म्हटलं, "अहो, आत तरी चला, चढ नाहीये." तर म्हणे, "लोणी काढताना जन्मभर बघितलंय. त्याला तिकीट कशाला."

चेष्टा करतात ते बरं आहे. पण संध्याकाळी गावात फेरी म्हटलं तर कोपऱ्यावरच छातीवर हात ठेवून थांबले. दुखत नव्हतं. दुखेल की काय म्हणून हात. मीही लगेच पर्समधली जिभेखालची गोळी चाचपली. आमचं दोघांचं असं झालंय.

१० फेब्रु., मंगळ.
नदीवरचा झुलता पूल. हे गाडीत बसून राहिले, काचा खाली करून. मी नि मेधा पलीकडे गेलो. इवलासा पक्षी, शेपटीचा पंखा करून आमच्या मागेमागे. आपण चालताना पाचोळ्यातले किडे उडतात, ते खायला येतो म्हणे. सावली झकास. पण माझं लक्ष मागे. मेधा म्हणाली, "आई, मान दुखेल." मग पुढे म्हणाली, "बाबा घाबरलेत ते कळतं गं. पण तू पण त्यांना हलू देत नाहीस. पाणी तू आणून देणार, बूट तू घालणार."

राग आला. आपल्याच लेकीने शहाणपण शिकवावं. रात्री बूट काढायला वाकले नि तिचं बोलणं आठवलं. तरी काढलेच.

११ फेब्रु., बुध.
आज सगळं नीट लिहून ठेवते.

सकाळी मेधा नि मी मागच्या टेकडीवर. वाट एका शेतकऱ्याच्या रानातून जाते, तो लोकांना जाऊ देतो. इकडे आत्ता उन्हाळा, ऊन कडक, गवत पिवळंधमक. वरच्या अंगाला काळ्या कालवडी चरत होत्या. येताना मी मागे पडले, गुडघा. पाहते तर वरचं लोखंडी फाटक सताड उघडं. म्हटलं, काय बेफिकीर माणसं. आमच्या जुन्नरकडे उघड्या फाटकातून गाय दुसऱ्याच्या पिकात शिरली की गाय कोंडवाड्यात आणि दोन घरं वर्षभर अबोला. मी फाटक ओढलं, साखळी नीट अडकवली. केवढं पुण्य केलं असं वाटलं. मेधा पुढे होती, तिला पत्ता नाही.

घरी येईतो गुडघा सुजला. दुपारी मेधा गाडी घेऊन शेजारच्या गावी गेली, माझ्यासाठी मलम नि किराणा आणायला. तेवढ्यात आम्ही उतरलोय त्या घराची मालकीण, जिल, काठी टेकत प्लम घेऊन आली. माझ्याहून थोरली असेल, कमरेचं हाड नवीन बसवलंय. म्हणाली, उन्हाळा वाईट आहे, वरचं डबकं आटलं. म्हणून शेतकऱ्याने वरचं फाटक उघडं ठेवलंय, जनावरं खाली पाण्याच्या टाक्यावर येतात.

माझ्या हातातला प्लम हातातच राहिला. मी विचारलं, कुठलं फाटक? तेच. इथला नियमच आहे, फाटक दिसेल तसं ठेवायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. खाली पाटी आहे म्हणे. मी सगळ्या पाट्या वाचते, नेमकी तीच राहिली. हात दाखवून अवलक्षण.

जिलने शेतकऱ्याला फोन लावला. तो जनावरांच्या बाजाराला गेलेला, उचलेना. मेधा फोन इथेच चार्जिंगला लावून गेलेली. बाहेर ऊन रणरणतंय आणि वर मुकी जनावरं. मला रडूच आलं.

हे इतका वेळ खुर्चीत. म्हणाले, "तुझा गुडघा सुजलेला, हिची कंबर नवी. तिघांत मिळून धड पाय दोन, तेही माझे." आणि बूट घालायला लागले. स्वतः.

"अहो नको. मेधा येऊ दे."
"ती येईपर्यंत त्यांनी काय करायचं?"
"तुम्हाला काही झालं म्हणजे?"
"होईल तर होईल. इथे बसून तहानलेल्या गुरांचा विचार करत बसलो तर नक्की होईल."

टोपी घातली, जिलची काठी मागून घेतली, गेले. कुंपणाच्या कडेने पांढरा शर्ट वर चढताना दिसत होता. थांबायचा, पुन्हा हलायचा. मग उंचवट्याआड गेला. आणि तेव्हा लक्षात आलं, गोळी माझ्या पर्समध्ये.

पुढचा वेळ कसा गेला ते लिहीत नाही. जिलने माझा हात धरला होता. ती तिचं बोलत होती, मी मराठीत बोलत होते, दोघींचं चालू होतं. वर एकटेच कुठे पडले असले तर… नको.

मग वरून हंबरणं ऐकू आलं. आणि काळ्या कालवडी एकामागून एक खाली पळत टाक्याकडे. जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. कारण पांढरा शर्ट कुठे आहे?

आला. हळूहळू, काठी खांद्यावर टाकून. वाटेत शेतकरी त्याच्या चारचाकी मोटारसायकलवर भेटला. जिलने फोनवर ठेवलेला निरोप ऐकून तसाच वर आला होता. ह्यांना म्हणाला, बस, खाली सोडतो. ह्यांनी थँक्यू म्हटलं, चालतो म्हटलं.

"आणि फाटकाचं?"
"सांगितलं, माझ्या बायकोने लावलं. आमच्याकडे याला चांगुलपणा म्हणतात."
"माझं नाव कशाला घ्यायचं?"
"मग काय कालवडींनी लावलं म्हणू?"

शेतकरी हसला म्हणे. स्वीट ॲज, म्हणाला. म्हणजे इथल्या बोलीत, काही हरकत नाही.

मी पाणी दिलं. मग इतकी बोलले, इतकी बोलले, नि मग रडले. हे प्लम खात होते. एकापाठोपाठ चार.

मेधा आली, ऐकून पांढरीफटक. बीपी, नाडी, सगळं पाहिलं. नर्स आहे, दोनदा पाहिलं. ठीक. मग मला म्हणाली, "एकटं जाऊ दिलंस?" आणि लगेच वळून तोंड पुसलं.

१२ फेब्रु., गुरु.
हे उशिरापर्यंत झोपले. कालपर्यंत रात्री तीनतीनदा उठून बसायचे. मी कान देऊन श्वास ऐकत होते, शेवटी माझाच डोळा लागला.

पोटऱ्या धरल्यात. पोटऱ्या दुखतात अशी तक्रार चहाबरोबर चालू आहे. छातीचा विषय नाही. मला किती बरं वाटतंय काय सांगू. दुखोत बापड्या पोटऱ्या.

शेतकऱ्याकडे मेधाबरोबर बेसनाचे लाडू पाठवले. त्याने अंडी दिली.

१३ फेब्रु., शुक्र.
बीपी ठीक. गावात फेरी, चर्चपर्यंत. कोपऱ्यावर हात छातीकडे गेला होता. मग खिशात गेला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

१४ फेब्रु., शनि.
उद्या परत. मेधाला आज मोठ्या टेकडीवर जायचंय, माथ्यावरून म्हणे समुद्रापर्यंत दिसतं. निघताना हे म्हणाले, "मी येतो अर्ध्यापर्यंत." मेधाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जा. माझा गुडघा नको म्हणतोय." ते खरंही आहे.

गाड्या लावतात तिथल्या बाकावर बसून लिहितेय. वारा आहे, पान एका हाताने धरावं लागतं. दोघं निघालेत. मेधा पुढे, हे मागे, दोघांचं काहीतरी वाजतंय, बहुतेक ती ह्यांच्यासाठी मुद्दाम हळू चालते म्हणून. पहिल्या वळणाला वाटलं, आता वळून बघतील, हात करतील. मी हात वर करून तयार होते.

वळले नाहीत. बोलण्यात होते.

आता झाडीत गेले. अर्ध्यावरून फिरतात की माथ्यापर्यंत जातात, कोण जाणे. मी काही विचारलं नाही. ऊन माझ्याकडे सरकलंय. बाक बदलते.